ड्यूकची सुरी

वाल्डेनरोडेच्या युवराजांचा पराक्रम फक्त कातकामाच्या चाकावर दिसायचा. हस्तिदंताच्या डब्या अशा नाजूक घडवायचे की बघत राहावं. बापासमोर मात्र या चाळिशीच्या घोड्याची बोबडी वळायची. अशा नवऱ्यावर भिस्त ठेवायची वेळ आली म्हणून सिदोनीच्या डोक्यात तिडीक जात होती.

उद्या तिचा लुडोल्फ सहा वर्षांचा होणार. घराण्याची रीतच होती. त्या सकाळी मुलाचा झगा उतरवायचा, विजार आणि तलवार चढवायची, आणि आईजवळून उचलून शिपाईगिरी शिकायला मेजरच्या छावणीत धाडायचं. मग पोरगं खोकून खोकून निळं का पडेना!

"जेवताना मामंजींना विचाराल ना? नुसतं वसंतापर्यंत थांबा म्हणायचंय," ती म्हणाली.

"विचारतो गं! सूप तर होऊ दे," युवराज काझिमीर म्हणाले.

सूप झालं. हरणाचं मांस आलं. म्हाताऱ्या ड्यूकने सुरी खाली ठेवली की सगळ्यांचीच ताटं उचलली जायची, आणि म्हातारा बकाबका खात होता. सिदोनीने टेबलाखालून नवऱ्याला लाथ घातली. युवराजांनी घसा खाकरला. दरबाऱ्यांनी माना वळवल्या. ड्यूकही थांबला, सुरी तशीच हातात धरून, मुलाच्या तोंडाकडे बघत.

"पपा... सॉस काय झकास झालाय!"

मेल्या, सॉस! सिदोनी पुढे झुकली. सुनेने आपणहून तोंड उघडायची पद्धत नव्हती, तरी ती बोललीच. "मामंजी, लुडोल्फची छाती भरलीय. वसंतापर्यंत राहू द्या त्याला माझ्याजवळ."

"हेच यानं मागितलं असतं तर दिलं असतं, सूनबाई," ड्यूक म्हणाला. "जन्मभर वाट बघतोय, हा कधी काही मागतोय का. याला रीत मोडून आईच्या झग्याआड वाढू दिला, त्याचं काय झालं ते समोर बसलंय. असला आणखी एक नकोय मला."

त्याने सुरी ठेवली. ताटं गेली.

सकाळी लुडोल्फला घेऊन बग्गी अंगणातून निघाली. काझिमीर नवी डबी घेऊन बायकोच्या खोलीत आले.

"मी विचारणारच होतो गं. पपांनी सुरी फार लवकर ठेवली."

"तुमच्यासाठीच धरून ठेवली होती त्यांनी," सिदोनी म्हणाली. तिने डबीकडे बघितलंही नाही. बग्गीतला खोकला ऐकू येत होता तोवर ती खिडकीशी उभी राहिली.