आवाज कुठं आला

थापांचे आवाज अकरा होते. चार पोकळ निघाले, तीन नको तितके ओले, दोनांत शोभाबाईंची बांगडी किणकिणली होती, एकात मागची म्हैस हंबरली होती. उरला तो सातवा. नागसेननं हेडफोन दाबून तो पुन्हा ऐकला. काठवटीत ज्वारीच्या पिठावर पडलेली आईच्या, शोभाबाईंच्या हाताची थाप. पडद्यावर त्याचा पंजा व्यंकटच्या गालाजवळ पोचायचा, व्यंकट मान फिरवायचा, आणि नेमक्या त्या क्षणी सातवा आवाज ठेवला की बघणाऱ्याचाच गाल चुरचुरायचा.

"माझी भाकर कुणाच्या थोबाडात हाणायलास रे?" शोभाबाईंनी तव्यावरची नजर न हलवता विचारलं.

"व्यंकटच्या."

"हाण. लई खातंय ते इथं येऊन."

फिल्म पंधरा मिनिटांची होती. दोन दोस्त, एक रील, आणि त्या रीलवरून तुटलेली दोस्ती. लिहिली दोघांच्या मैत्रिणीनं, शिवकन्येनं; कॅमेराही तिचाच, म्हणजे तिचा फोन. नागसेन बी.एस्सी. होऊन औरादच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. फिल्मच्या आवाजाचं सगळं काम त्याचं, आणि तेच काम ऐकून गुलबर्ग्याच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओनं त्याला पुढच्या महिन्यापासून बोलावलं होतं.

थप्पड कुणी मारायची यावर वाद झाला होता. "मला रडता येतंय," व्यंकट म्हणाला होता. "तुला कुठं येतंय? तू मार." हात गालापासून चार बोटं लांब थांबवायचा, समोरच्यानं त्याच वेळी मान फिरवायची. आठवडाभर दोघं व्यंकटच्या शेतात आळीपाळीनं तेच घोटत होते.

शिवकन्येनं फिल्ममधल्या थपडेचे वीस सेकंद नेटवर टाकले. "आवाज लई भारी बसलाय, टाक की," असं नागसेननंच तिला म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फिल्मचं नाव कापून तोच तुकडा फिरवला. वर लिहिलं होतं, 'औरादमध्ये आपल्या पोरावर हात टाकला. झोपलात का?'

आपल्या म्हणजे कुणाच्या, हे कुणाला विचारावं लागलं नाही. व्यंकट जुन्या शेतकरी घरातला, नागसेन बौद्ध वस्तीतला.

शटर अर्धं खाली आलं तेव्हा नागसेन एका फोनची काच सोडवत होता. आत चौघं शिरले. पुढं सिद्धेश्वर, व्यंकटचा चुलत भाऊ. नागसेन त्याला लहानपणापासून अण्णा म्हणायचा. पहिला रॉड काउंटरच्या काचेवर पडला, दुसरा नागसेनच्या मनगटावर. तो खाली बसला तसे बूट बरगडीत बसायला लागले.

"अण्णा, ॲक्टिंग हाय ती. आवाज भाकरीचा हाय. लॅपटॉपात दावतो."

"भाकरीचा?" सिद्धेश्वरनं लॅपटॉप उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. "मला येडं समजायलास?"

केस धरून त्याला रस्त्यावर ओढलं. गुडघ्यांत काचा घुसल्या होत्या, तोंड रक्तानं खारट झालं होतं. भोवती माणसं जमली. पुष्कळांचे फोन वर होते.

व्यंकट धावत आला. "अण्णा, सोड त्याला. मला लागलंच न्हाई."

"लागलं न्हाई हे कुणी बघितलंय? लागलेलं सगळ्यांनी बघितलंय." सिद्धेश्वरनं रॉड दुसऱ्याकडं दिला आणि आपला फोन उभा धरला. "आता तू हाण. लोकांना दिसू दे. न्हाई तर रॉड हाय आन् ह्याचं डोस्कं हाय."

व्यंकट जवळ आला. "मान फिरव," तो पुटपुटला.

नागसेनला हायसं वाटलं. हात आला, चार बोटांवर थांबला. त्यानं वेळेवर मान फिरवली. इतकं बिनचूक ते शेतातही कधी जमलं नव्हतं.

सिद्धेश्वरनं फोन खाली केला. "आवाज कुठं आला?"

त्यानं रॉडवाल्याला खूण केली.

"आवाज न्हाई आला, व्यंकट. परत."

रॉडचं टोक नागसेनच्या टाळूवर टेकलं. व्यंकट रडायला लागला होता. नागसेननं त्याच्या हाताकडं पाहिलं आणि ठरल्या वेळी मान फिरवली. हात थांबला नाही. फिरलेल्या मानेमुळं गाल सापडला नाही. अख्खा पंजा डाव्या कानावर बसला. आवाज अगदी सातव्यासारखा होता. नागसेनला तो अर्धाच ऐकू आला, मग नुसती शिट्टी.

सूज उतरल्यावर तो बिदरला निघाला. संतपूरला व्यंकट बसमध्ये चढला. नागसेन उजव्या खिडकीशी होता, डावीकडची जागा मोकळी होती. व्यंकट तिथं बसला आणि बिदर येईपर्यंत बोलत राहिला. खिडकीच्या काचेत त्याचे ओठ हलताना दिसत होते. नागसेननं मान वळवली नाही.

दवाखान्यातल्या बंद खोलीत त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.

"आवाज आला की बटण दाबायचं," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "पंचवीस डेसिबलच्या आत ऐकू आलं तर कान चांगला."

उजव्या कानाला त्यानं बटण भराभर दाबलं. डाव्या कानाला तो बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसून राहिला.

उजवा कान पंधरा डेसिबल. डावा कान साठ.