भैयाजींच्या पंखातला खळगा

सावंगीत दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या मयुरीला रिमोटवर थर्माकोलची विमानं उडवायचं वेड होतं. आणि अख्ख्या वर्धा जिल्ह्यात भैयाजींच्या विमानासारखं तरंगणारं दुसरं विमान नव्हतं. पण त्याच्या पंखाचा आकार कोणता, हे म्हातारा काही केल्या सांगत नसे.

एकदा भैयाजी आपली कवळी न्यायला आले आणि विमान तिच्या टेबलावर ठेवून चहाला गेले. मग काय! मयुरीनं दाताचं माप घ्यायची गुलाबी पुट्टी उजव्या पंखाभोवती दाबली, घट्ट झाल्यावर अलगद सोडवली. पंखाची गोलाई हुबेहूब उतरली होती, आणि वरच्या अंगाला एक नाजूक खळगा! मोबाईलवरच्या पंखांच्या दीडशे आकृत्यांत असा खळगा कुठंच नव्हता. गुपित सापडलं म्हणून ती खुर्चीवर चढून नाचली.

त्या मापानं तिनं दोन्ही पंख कापले, खळग्यासकट. रविवारी केळझरच्या माळावर भैयाजींचं विमान उतरलं, तरी तिचं घारीसारखं तरंगतच राहिलं.

"भैयाजी, मी तुमच्या पंखाचं माप चोरलं," रिमोट न सोडता ती म्हणाली. "पण तो खळगा काऊन ठेवलता?"

"ठेवला नाई वं पोरी, मी चुकून त्याच्यावर बसलतो!"

दोघंही पोट धरधरून हसले. मग भैयाजींनी वर तिच्या विमानाकडे पाहिलं. आपलं विमान त्यांनी गवतावर ठेवलं, पॅन्ट सावरली आणि डाव्या पंखाचा अंदाज घेत म्हणाले,

"याचं बी माप सांगजो. बराबर कुठं बसू?"