खापराखालचा जाळ

ऐका मित्रांनो, हा जो माळ्यावर उपडा पडलाय, काळा कुळकुळीत, काठाला एक टवका उडालेला, तो मी. जुनं खापर. तुम्ही म्हणाल, खापर म्हणजे फुटकं भांडं. अरे, खान्देशात येऊन असं बोलाल तर उपाशी जाल! आमच्याकडे चुलीवर उपडं ठेवून ज्याच्या पाठीवर हातभर पुरणाचे मांडे भाजतात, ते खापर.

माझा जन्म बोदवडचा. झुलालआबा कुंभारानं मला चाकावरून उतरवलं, थापीनं बडव बडव बडवलं आणि आव्याच्या भट्टीत भाजलं. बाजारात केसरबाईनं मला बोटानं टिचक्या मारून पारखलं आणि फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन धुळ्याच्या एसटीत बसली. कंडक्टर गाडीतल्या गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "बाई, पोराचं अर्धं तिकीट काढा." केसरबाई म्हणाली, "मूठभर पीठ दे, हे पोरगं आत्ता जेवायला घालतं तुला!" सगळी गाडी हसली. मी तेव्हाच ओळखलं, या बाईच्या जिभेला धार आहे.

केसरबाई धुळ्याच्या ख्रिस्ती वस्तीत राहायची. मुलगा मगन एसटीच्या वर्कशॉपात कामाला. दर नाताळला माझ्या पाठीवर मांडे व्हायचे, सगळी मंडळी जेवायची आणि म्हणायची, "केसरअक्का, खापर असावं तर असं! काय धग धरतं!" ती खूश, मी खूश.

मग मगनचं लग्न झालं. सून आली भडगावची, लता. शांत पोरगी. आणि तिथून ती जिभेची धार निघाली घरावर. पोहे चिकट झाले, बोल. भांडं आपटलं, बोल. केर राहिला तर भडगावच्या सात पिढ्या काढायच्या. गंमत ही की केसरबाई दुष्ट नव्हती. बोलून झालं की माझ्याशेजारी चुलीपाशी बसून रडायची. रविवारी चर्चमध्ये येशूच्या आठवणीत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर पुढे आली की हात मागे घ्यायची. म्हणायची, "या तोंडानं कसं घेऊ?"

तिनं उपाय फार केले. तोंडात सुपारी धरून ठेवली, म्हणजे बोलता येणार नाही. दोन तासांनी सुपारी थुंकून जे बोलली, ते साठलेलं सगळं बोलली! मग शुक्रवारचा उपास धरला. उपाशी केसरबाई म्हणजे आधीपेक्षा दुप्पट. शेवटी पदराला गाठ मारली, गाठ दिसली की आठवण राहील. गाठ तशीच राहिली, आठवण पळाली.

त्या वर्षी डिसेंबरात लतानं मगनला सरळ सांगितलं, "नाताळानंतर माझा भाऊ गुलाब येतोय. मी भडगावला जाते. आता परत बोलवू नका." केसरबाईनं दाराआडून ऐकलं. घर मोडायला निघालं होतं, आणि मोडणारी तीच होती, हे तिलाही कळत होतं.

ती तडक गेली चर्चच्या पाळकांकडे, पितांबरांकडे. त्यांनाच अंगणात घेऊन आली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पाळकसाहेब, तुम्ही म्हणता पवित्र आत्मा मदत करतो. मग माझ्या जिभेलाच का करत नाही?"

"अक्का, मागता का?"

"रोज सकाळी मागते. गुडघ्यावर बसून."

"आणि भांडता कधी?"

"दुपारी."

"मग दुपारी मागा की!" पाळक हसले. "सकाळी देवाला हाक मारायची आणि दुपारी त्याला दाराबाहेर बसवून एकटीनं लढायचं. तो काय पाहुणा आहे? अहो, तो त्या क्षणाला मदत करायलाच घरात आहे. तोंड उघडायच्या आत हाक मारा. लांब प्रार्थना नको. 'माझ्याच्यानं होत नाही' एवढं पुरे."

"आणि तरी बोलून गेले तर?"

"तर झाकायचं नाही. लताची माफी मागायची, देवाचीही मागायची, आणि परत हाक मारायची."

केसरबाईनं मान हलवली. पटलं म्हणून नाही, दुसरा रस्ता नव्हता म्हणून.

नाताळच्या आदल्या दिवशी अंगणात मांड्यांचा घाट घातला. मला चुलीवर चढवलं. वस्तीतल्या बाया जमल्या; शेजारच्या बौद्ध वस्तीतली मंजुळाबाईही मदतीला आली. मांडा हातांवर झेलत मोठा करावा तर तिनंच. तिच्याकडून लता शिकली होती. पुरण घातलेला गोळा लता दोन्ही हातांवर फिरवायची, फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि अलगद माझ्या पाठीवर टाकायची.

पहिले मांडे झकास झाले. मग केसरबाईला दुसऱ्या चुलीवरची रशी, म्हणजे मांड्यांबरोबरची आमची तिखट आमटी, उकळायची घाई झाली. तिनं माझ्याखालची जळती लाकडं ओढली आणि तिकडे सारली.

"अक्का, इकडे काय जळेल?" मंजुळाबाई म्हणाली.

"काही लागत नाही. मन्हं खापर शे ते! तापलं की तापलं. अजून मांडे सहज निघतील."

खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं लोक म्हणत होते, धग धरतं, धग धरतं. मला वाटू लागलं होतं, ती धग माझीच!

लतानं पुढचा मांडा टाकला. मी त्याला धरून बसलो. ना फुगा, ना वास. लतानं कड उचलली तशी मांडा मधोमध फाटला. पुरण माझ्या अंगावरून घसरून राखेत पडलं.

उद्या सगळी मंडळी जेवायला येणार. केसरबाई उठली. कपाळाची शीर टरारली, तोंड उघडलं. मला तर वाटलं, आता मीच तडकतो!

लता खाली बघत हळूच म्हणाली, "बोला आई. बोलून घ्या. नाताळ झाला की गुलाब येतोच आहे."

केसरबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिनं पदर तोंडावर घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांदेखत पाळकांचं 'माझ्याच्यानं होत नाही' आपल्या अहिराणीत म्हणाली, "प्रभू, मनाकडतीन व्हत नही. तू धर मनी जीभ."

ना आभाळ उघडलं, ना वीज चमकली. फक्त शिवी आली नाही. ओठापर्यंत आलेली आली नाही!

मंजुळाबाईनं खोकून घेतलं. "अक्का, देवाशी बोलून झालं असेल तर खाली बघा. जाळ पार विझलाय."

केसरबाईनं वाकून बघितलं. माझ्याखाली नुसती राख. जळती लाकडं दुसऱ्या चुलीत ढणढणत होती, तिनंच नेलेली. ती लतासमोर उकिडवी बसली.

"लता, चूक मनी शे. जाळ मी काढा. तुनी काहीच चूक नही, बेटा."

लतानं मान वर केली. सासूच्या तोंडून 'बेटा' तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिला हसावं का रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. केसरबाईनं लाकडं परत माझ्याखाली सारली, फुंकणी घेतली आणि डोळ्यांत धूर जाईपर्यंत फुंकत राहिली. डोळे का वाहतात, हे धुरावर ढकलायची सोय झाली. मी तापलो. पुढचा मांडा टम्म फुगला.

मित्रांनो, केसरबाई त्या दिवशी संत झाली असं समजू नका. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं आणि अर्धं वाक्य सुटलंच. पण अर्धंच! ती भिंतीकडे वळली, पुटपुटली, परत फिरली आणि म्हणाली, "चुकले. माफ कर." आणि ताटातली भाजी संपवली.

तिसऱ्या दिवशी गुलाब आला. लताची पेटी दाराशी बांधून ठेवलेली. "चल ताई, गाडीची वेळ झाली."

लतानं पेटीकडे बघितलं, मग सासूकडे. केसरबाईच्या मनात हाक चालू होती, ओठ हलत होते. लता आत गेली, उरलेले मांडे डब्यात भरून आणले आणि भावाच्या हातात दिले. "हे आईला दे. आणि सांग, पेटी जड आहे, एवढ्यात उचलवत नाही."

गुलाब एकटाच भडगावला गेला. पुढच्या रविवारी केसरबाईनं प्रभुभोजनाला हात पुढे केला.

नंतर घरात गॅस आला, शेगडी आली, आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यात कोणी कांदे ठेवले, मांजरीनं पिल्लं घातली. राग नाही माझा. एवढंच मागतो, मला खाली उतरवाल तेव्हा तापलेल्या पाठीवर गार पाणी मारू नका. तडकलेलं खापर सांधता येत नाही. आणि एखादं माणूस चुकत, माफी मागत, देवाला हाका मारत सुधरायला निघालं असेल, तर "कशाचं सुधरतंय हे!" असं म्हणू नका. तेही गार पाणीच असतं. त्यापेक्षा वाका, आणि त्याच्या चुलीत एक लाकूड सारा.