चौथऱ्याखालची मुळे

मित्रांनो, मी एक जुनी जस्ताची पाटी आहे. सार्वजनिक उद्यानाच्या उत्तर कोपऱ्यातील एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावर माझे बहुतेक आयुष्य गेले. माझ्या अंगावर त्या झाडाचे शास्त्रीय नाव कोरलेले आहे. ते वाचताना जिभेला गाठ पडते, म्हणून मुले त्याला ‘कागद्या’ म्हणत. त्याची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटत असे. शास्त्राने दोन शब्द दिले, मुलांनी एकच दिला, आणि तोच टिकला.

मला खिळ्याने ठोकलेले नव्हते. तारेच्या स्प्रिंगने बुंध्याभोवती बांधले होते. झाड जाड होई तशी स्प्रिंग ताणली जाई आणि माळीदादा दर हिवाळ्यानंतर ती सैल करीत. “खाऊन खाऊन सुटलाय लेकाचा!” असे म्हणत ते बुंध्यावर थाप मारीत. झाडांना माणसांसारखी सुखदुःखे असतात, असा पुरावा माझ्यापाशी नाही. ते वाढत होते, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

कागद्या नर होता. त्याच्या जातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि मादी झाड या बागेत कधी लावलेच गेले नाही. त्यामुळे फुले भरपूर येत, बी कधीच धरत नसे. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई रोज फिरायला येत. त्या म्हणत, “हा गेला की याचा वंश इथून गेला.”

एके वर्षी नगरपालिकेने त्या कोपऱ्यात वाहनतळ करण्याचे ठरवले. जुन्या झाडांची निगा परवडत नाही, असे कारण दिले गेले. तेव्हा बाईंनी लोकवर्गणीची कल्पना मांडली आणि ती तडीस नेली टेलरकाकूंनी. काकूंचे शिवणाचे दुकान बागेसमोर होते. दुकान बंद करून त्या आणि त्यांचे यजमान रोज कागद्याखाली बसत. यजमान वारल्यावर त्या एकट्याच येऊ लागल्या. माप घेताना गिऱ्हाइकाला हलता येत नाही, याचा काकूंनी पुरेपूर उपयोग केला. “हात वर करा. बागेची वर्गणी दिलीत? नाही? मग वरच राहू देत.” सारा परिसर हसत हसत देता झाला. वाहनतळ रद्द झाला. त्या दिवसांत माझ्यावरचे नाव लोक मोठ्याने वाचत, चुकीचे वाचत, आणि मला ते आवडत असे.

मग उरलेल्या निधीचे काय करायचे, याची बैठक झाडाखालीच भरली. फांद्यांची थोडी साल सोलून तिथे ओल्या मातीची गुटी कलमे बांधावीत आणि त्यांना मुळे फुटली की नवी रोपे करावीत, असे बाईंचे म्हणणे होते. पण कलम दिसायला क्षुल्लक असते. त्यावर देणगीदाराचे नाव घालता येत नाही. वर्गणीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी बुंध्याभोवती भराव घालून दगडी चौथरा बांधावा आणि प्रत्येक फरशीवर एक नाव कोरावे, असे सुचवले.

“मुळांना हवा लागते. मुळंही श्वास घेतात,” बाई म्हणाल्या.

“अहो बाई, मग त्यांना नाकं कुठं असतात तेही सांगा!” मागून कुणीतरी ओरडले.

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि विषय तिथेच संपला.

चौथरा देखणा झाला. माळीदादा खूश झाले, कारण झाडणे सोपे झाले. सर्वांत पुढच्या फरशीवर काकूंच्या यजमानांचे नाव होते. त्यावर पडलेली फुले काकू रोज संध्याकाळी पदराने पुसत. असेच चौथरे मग आणखी दोन जुन्या झाडांभोवतीही बांधले गेले.

त्यानंतर माझी स्प्रिंग ताणली गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. माळीदादांना वाटले, झाडाचे वय झाले. पाने लहान झाली, शेंडा उघडा पडला. बाईंनी दोन फरश्यांच्या सांध्यातून सळई खुपसली आणि तिच्या टोकाची माती हुंगली. आंबूस वास येत होता. भराव ताबडतोब काढायला हवा, असे त्यांनी समितीला सांगितले. समिती म्हणाली, आधी काकूंना विचारा.

काकूंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात पैसे द्या, दिले. आता म्हणता नाव उखडा. बाई, माणूस एकदा गेला. त्याला मी दुसऱ्यांदा घालवू का?”

चौथरा राहिला.

पुढच्या बहराच्या दिवसांत एका संध्याकाळी काकू फरशीजवळ बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग बाईंकडे जाऊन म्हणाल्या, “फोडा. पुसायला काही पडतच नाही हो आता.”

काम भक्कम होते, पहारी वाकल्या. आत मुळे काळी आणि बुळबुळीत झाली होती. ज्या फांद्यांची साल अजून हिरवी होती त्यांवर बाईंनी गुट्या बांधल्या. एकीलाही मूळ फुटले नाही. झाड कापले त्या दिवशी माळीदादांनी मला सोडवले आणि काकूंच्या हातात दिले.

“तेव्हाच फोडला असता तर वाचला असता?” काकूंनी विचारले.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“खोटं तरी बोला हो.”

“नाही बोलवत. पण त्या बैठकीत मी हसले नसते, तर तो चौथराच झाला नसता. एवढं मला माहीत आहे.”

काकूंनी बाईंचा हात धरला आणि दोघी घरी गेल्या.

मित्रांनो, उरलेल्या दोन झाडांचे चौथरे अजून तसेच आहेत. त्यांच्या फरश्यांवर कुणाचे वडील आहेत, कुणाची मुलगी आहे. रोज दुकान बंद केल्यावर काकू मला कापडी पिशवीत घालून एकेका घरी जातात. वर्गणी मागायला त्या याच घरांत गेल्या होत्या, तेव्हा लोक चहा करीत. आता दार अर्धेच उघडते. काकू मला पिशवीतून काढून पुढे धरतात. पाटीमागे झाड नाही, हे पाहायला फारसा उजेड लागत नाही. काही जण फरशी काढायला होकार देतात. बरेच जण नंतर कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत.

झाडावर प्रेम करणे चांगलेच; पण त्याला काय लागते, हे आपल्याला काय शोभते त्याच्या आधी विचारावे, एवढेच मला सांगायचे आहे. कधी तुमचेही दार वाजेल. बाहेर एक थकलेली काकू पाटी घेऊन उभी असेल. तिला पैसे नको आहेत. तुमच्या माणसाचे नाव मातीवरून थोडे बाजूला घ्यायला ती सांगेल. तेव्हा दार पूर्ण उघडा.