परंपरा आढळत नाही

पिवळ्या मातीचा एक कण, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, छापील ओळीच्या शेवटी येऊन पडला होता आणि केशोराव तो फुंकून टाकायचे सोडून त्याच्याकडे पाहत बसले होते. कण वरून पडला होता, भिंतीवरून, जिथे एका बाईचा हात चालू होता. आणि ज्या ओळीवर तो पडला ती ओळ अशी होती : 'सालेकसा टापूतील ग्रामीण घरांमध्ये रंगसजावटीची परंपरा आढळत नाही. सबब सणासुदीच्या व आतिथ्याच्या प्रसंगी गृहिणींना बाहेरून प्रेरणा पुरवणे आवश्यक आहे.' विकास खंडाची पुस्तिका, पान पहिले. तीन हजार प्रती, विनामूल्य.

आढळत नाही. ठीक. आता हे विधान समोर बसवू आणि त्याची उलटतपासणी घेऊ... केशोरावांनी आयुष्यभर दुसरे काय केले होते? गोंदियाच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे संस्कृत शिकवले, आणि घरी कंदिलाशी बसून मेलेल्या पंडितांची मते एकेक करून सोलली; आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडायचे, अगदी आदराने, आणि मग त्याच्या अंगावर धागासुद्धा ठेवायचा नाही. तर — किती घरे पाहिली? पुस्तिका सांगत नाही. कारण आकडा शून्य आहे आणि शून्य छापायला कोणी धजत नाही. कोणत्या महिन्यात पाहिली? श्रावणात. श्रावणात या टापूतल्या प्रत्येक भिंतीला तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ताट्या बांधलेल्या असतात, पावसाने माती वाहून जाऊ नये म्हणून. भिंत दिसतच नाही, आणि तणसाआड जे असते ते ओलीने आधीच पुसट झालेले असते, कारण ते पुसट होण्यासाठीच काढलेले असते. श्रावणात भिंत पाहायला जाणे म्हणजे वैशाखात धानाची लोंबी मोजायला जाणे. आणि कुठून पाहिली? गाडीच्या खिडकीतून. सालेकसा स्टेशन, दोन मिनिटांचा थांबा, एका हाताने खिडकीची फळी अर्धी वर धरून, दुसऱ्या हाताने चष्म्यावरचे पाणी पुसत. आणि 'पुरवणे' — बियाणे पुरवतात, कुनैन पुरवतात. प्रेरणाही आता पोत्यांतून येणार, रेल्वेच्या वाघिणीने, गोंदिया जंक्शनवर उतरून! पान तिसरे : टेबलावर फुलदाणी ठेवावी. पान चौथे : पाहुण्यांस तबकातून सरबत द्यावे, कागदी पताका लावाव्यात. ज्या घरात टेबल नाही त्या घराने टेबलावर काय ठेवावे हा प्रश्न पुस्तिकेला पडलेला नव्हता.

इतका खोटा, इतका सुबक मजकूर कोणी लिहावा? केशोरावांना लेखकाचे नाव ठाऊक होते. तो लेखक आत्ता भिंत रंगवणाऱ्या दुर्पताच्या अंगणात, पोत्यावर, मांडी घालून बसला होता आणि त्याच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

दोन वर्षांपूर्वी केशोरावांनीच ते टिपण लिहिले होते; खंडाच्या साहेबांनी मागितले, एका बैठकीत लिहून झाले, आणि 'आढळत नाही' हे शब्द कागदावर उतरताना त्यांना — हे त्यांना आज लख्ख आठवत होते — छान वाटले होते. विद्वानाला नकार लिहिताना जसे वाटते तसे.

आणि आता त्या वाक्याला हातपाय फुटले होते. अंगणाच्या कोपऱ्यात चुन्याचे डरम होते, त्यात विरघळणारा चुना अजून खदखदत होता, आणि त्याच्या शेजारी ग्रामसेवक टेकचंद निळीची पुडी हातात घेऊन उभा होता. उद्या गावची मंडई. दिवाळीनंतरचा तो एक जत्रेचा दिवस, जेव्हा प्रत्येक घरी पाहुणे येतात आणि कोणाचेही दार लोटलेले नसते. उद्याच सकाळी साहेबही येणार होते. त्यांच्या वाटेवरची अकरा घरे संध्याकाळच्या आत पांढरी करायची, खाली निळा पट्टा. पहिले घर दुर्पताचे. फक्त एक कागद भरायचा होता. 'पाहणी केली. जतन करण्याजोगे काही आढळले नाही.' खाली तज्ज्ञाची सही. तज्ज्ञ म्हणजे केशोराव. सकाळच्या गाडीने त्यांना त्यासाठीच आणवले होते.

"उनात काऊन बसले जी गुरुजी?" दुर्पता मागे न पाहता म्हणाली. पन्नाशीची गोंड बाई, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, उजवा हात कोपरापर्यंत पिवळा. "सावलीत या ना. भिंत काही पळून नाही जाऊन राहिली."

"भिंत नाही पळत मावशे, पन साहेबाचा टाइम पळून राहिला ना!" टेकचंद म्हणाला. "गुरुजी, एक सही मारा, बस. चुना भिजला, मजूर बसले, सब तैयार."

"तुज्या डरमातला चुना तुज्याच मिशीले लाव, टेकचंद. मंग तरी साहेब तुले मोठा मानूस समजंल."

टेकचंद हसला, तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सांगितलेले होते.

केशोराव उठून सावलीत गेले आणि तिथून त्यांनी प्रथमच भिंत सबंध पाहिली. पाहिली म्हणणेही धाडसाचे... ती त्यांच्यावर आली. खाली गेरूचा तांबडा, ओल्या विटेसारखा जड. त्याच्यावर छुईचा पांढरा, नदीच्या दरडीतून खणून आणलेल्या मातीचा, ज्याच्यापुढे डरमातला चुना आजारी दिसत होता. मधून पिवळा, काळा आणि एक नारिंगी, जो त्यांच्या ओळखीचा नव्हता. विचारल्यावर ती म्हणाली, पळसाचा. फागुनात फुले वेचून वाळवून ठेवली होती. काळा तणस जाळून. पिवळी माती डोंगरावरून, उन्हाळ्यात, तेंदूची पाने तोडायला गेल्यावर येताना डोक्यावर. सगळ्यांत तांदळाची पेज, रंग धरायला... केशोराव मनात महिने मोजू लागले आणि मध्येच थांबले. म्हणजे ही बाई आठ महिने ही भिंत गोळा करत होती. आठ महिने, पान तोडताना, धान लावताना, मोहफुले वेचताना, हिच्या डोक्यात ही भिंत होती. आणि आषाढात ती वाहून जाणार होती, आणि ते हिला ठाऊक होते, आणि तरी त्या हाताला घाई नव्हती.

"हे सगळं सुचतं कुठून तुम्हाला?" त्यांनी विचारले, आणि विचारताना कळले की पुस्तिकेतला 'प्रेरणा' हा शब्दच आपण बोली करून विचारत आहोत.

"सुचते कायले जी? पाहुना येनार हाये का नाही? मंग त्याले डोऱ्यापुढं उभा करायचा. तो काय पाहून खूस होते, थे काढायचं. झालं."

तिने बोट दाखवले. धानाच्या पिवळ्या ठिपक्यांतून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन काळ्या रेघा जात होत्या, सरळ, दाराच्या चौकटीपर्यंत, आणि त्यांच्या कडेला एक लाल ठिपका लटकत होता : कंदील. "हे आमचे व्याही, रेवाराम. रेल्वेच्या गँगवर हायेत, दिवसभर रूर ठोकून राहतेत. मांगच्या साली म्हनाले, 'इहीनबाई, माजं काम कोनी कधी काढलंच नाही.' मंग काढलं. उद्या आले का पयले आपले रूर मोजतीन, मंग पानी पितीन."

म्हणजे ही भिंत नव्हती. ही यादी होती — उद्या येणाऱ्या माणसांची. पण नावांची नव्हे, त्यांच्या आनंदाची. प्रत्येकाने यावे आणि गर्दीतून आपले चित्र शोधून काढावे. आणि ते सापडले की या घरात आपण येण्याआधीच कोणीतरी आपला विचार करून ठेवला होता हे त्याला, काही न बोलता, कळावे. तबकातले सरबत! पान चौथे!

"आणि हे?" दारातून आत पाऊल टाकत त्यांनी विचारले. दारापासून आतल्या बाजूला, कमरेच्या थोडे वर, हातभर रुंदीचा एक पट्टा रंगाविना सोडलेला होता. नुसती माती, पण वर उठवलेली, उंचसखल.

"थे रुख्मामावशीचं. सात सालं झाले, तिले दिसत नाही. मंग रंग कायले वाया घालवू? तिच्या हाताले लागंल असं केलं. दारातून हात लावत लावत येते. आंदी धानाची लोंबं लागतेत, मंग मासोऱ्या. मासोऱ्या सरल्या का समजते, चूल आली, बसा आता. कोनी तिचा हात धरा लागत नाही."

केशोरावांनी चष्मा काढला. मग, टेकचंद पाहत असताना, डोळे मिटले आणि पट्ट्यावर हात ठेवला. लोंबीचा एकेक दाणा बोटाखालून सरकू लागला... त्यांनी चित्रावरचे किती ग्रंथ वाचले होते! रेषेचे गुण, वर्णांचे मिश्रण, चित्राचे दोष क्रमाने मोजलेले, राजाचे चित्र कुठे असावे, देवाचे कुठे. आणि ज्याला दिसत नाही त्या पाहुण्यासाठी चित्र कसे काढावे, याबद्दल एकाही ग्रंथात एक ओळसुद्धा नव्हती. हजार वर्षांत कोणाला प्रश्नच पडला नव्हता. हा प्रश्न इथे पडला, स्टेशनापासून कोसभर आत, आणि इथेच सुटला, आणि सोडवणारीला तो प्रश्न होता हेही माहीत नव्हते. बोटाला पहिला मासा लागला, गार, त्याच्या पाठीवर खवल्यांचे नखाने उठवलेले अर्धचंद्र — मी कुठे आहे? मी इतकी वर्षे कुठे होतो? — आणि भीती वाटावी तशी, देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात पहिल्यांदा नेल्यावर लहान मुलाला वाटते तशी, एक शिरशिरी त्यांच्या मनगटातून वर गेली.

"गुरुजी," दुर्पता म्हणाली, "उद्या तुमीबी जेवाले थांबा आमच्या घरी. पन तुमचं काय काढू? मले तुमची माहिती नाही."

"पुस्तक काढ," टेकचंद म्हणाला. "गुरुजीचं सगळं पुस्तकच."

"पुस्तक त्यांचं काम हाये रे बाप्पा. त्यांले आवडते काय, थे पुसून राहिलो मी."

आवडते काय. एक साधा प्रश्न. त्याला संदर्भ देता येत नव्हता, मतमतांतरे सांगता येत नव्हती... आणि मग, बोलावले नसताना, ते दोन पोपट आले.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. वच्छला कामठ्याची, शेतकऱ्याच्या घरातली, सतरा वर्षांची. शाळेतून आले तर चुलीशेजारच्या भिंतीवर दोन पोपट, वालाच्या पानांच्या रसाचे, हिरवेगार, एकमेकांकडे पाठ करून बसलेले, आणि दोघांच्या मध्ये एकच पेरू. पाठ का? तर ती म्हणाली होती, पदर तोंडाशी धरून, "हे भांडलेत. पन पेरू एकच हाय, कवा तरी वळतीनच." आणि त्या तरुण पंडिताने — त्याच्या फराळाला मुख्याध्यापक येणार होते — भिंतीकडे पाहून म्हटले होते, "लोक येतात आपल्याकडे. हे काय गावठी?" तेवढेच. आवाजही चढवला नव्हता. संध्याकाळी भिंत कोरी होती, आणि वच्छलाचा हात कोपरापर्यंत हिरवा. त्यानंतर सत्तावीस वर्षे त्या घरात पाहुणे आले, चहा प्यायले, गेले. भिंतींवर त्यांनी सांगितले तिथे वच्छलाने कॅलेंडर लावले. आज सकाळी डबा देताना तिने विचारले होते, "कुठं चाललात?" सालेकशाला, भिंती पाहायला, असे ते म्हणाले, आणि ती एवढेच म्हणाली होती, "तुम्ही?"

तेव्हा तो प्रश्न त्यांनी ऐकलाच नव्हता. आता ऐकला.

म्हणजे श्रावण, खिडकी, तणसाच्या ताट्या, अज्ञान — हा सगळा बचाव होता, आणि तोही खोटा. ज्याला ठाऊक नसते तो चुकतो. त्यांना ठाऊक होते.

"सांगा ना जी," दुर्पता म्हणाली. तिच्या बोटांवरचा पिवळा वाळू लागला होता.

"आधी तो कागद आण," केशोराव टेकचंदला म्हणाले.

टेकचंदने घाईघाईने कागद आणि दौत पुढे केली. मजुरांपैकी एकाने उठून डरमात काठी फिरवायला सुरुवात केली. केशोराव ओसरीच्या कडेला बसले. छापील मजकुरावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि तिच्या खाली लिहू लागले, शाळेच्या फळ्यावर लिहीत तसे गोल, सुटे अक्षर. आणि लिहिताना त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला लाज वाटत नाही, किंवा वाटत असेलही, पण तिच्याहून मोठे काहीतरी तिच्या मागे उभे आहे — ती भिंत, तिचे आठ महिने, अंधारात बोटांना भेटलेला मासा — आणि त्याच्यापुढे माणूस लहान होतो तेव्हा त्याला मोकळे वाटते, हे त्यांनी कुठेच वाचलेले नव्हते. उद्या साहेब काय करतील, हा कागद कोण मानेल, चुना आज थांबेल की परवा परत येईल, यातले काहीच त्यांना माहीत नव्हते. सही करून त्यांनी कागद दिला.

टेकचंदने तो वाचला. पुन्हा वाचला. मिशीवरून हात फिरवला.

"अरे गुरुजी... ये क्या लिख दिया?"

"काय लिवलं रे?" दुर्पता म्हणाली. "मोठ्यानं वाच. माज्या भिंतीचं हाये ना?"

टेकचंदने केशोरावांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. काठी डरमात थांबली, आणि ग्रामसेवकाने, शब्दावर शब्द ठेवत, वाचून दाखवले :

"'परंपरा आढळत नाही' हे विधान माझे आहे. ते लिहिण्यापूर्वी मी एकाही घरात गेलो नव्हतो. पण मला ती आढळली होती. माझ्या पहिल्या दिवाळीत, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या बायकोने ती भिंतीवर काढली होती, आणि मी ती पुसायला लावली. पुसताना ती रडली नाही, म्हणून तिला काही वाटले नाही, असे मी धरून चाललो."