वेशीवरचा कोल्हा

समिधानं कितीतरी महिने खपून मोबाइलवरचा एक गेम बनवला होता. चित्रं नाहीत, गोळीबार नाही. नुसता मजकूर वाचायचा आणि खालच्या पर्यायांतला एक दाबायचा. तुम्ही म्हणजे एक बकरी, स्वप्नात वाट चुकून जंगलाच्या वेशीवर पोचलेली. गोष्ट चहा निवेपर्यंत संपते. सुट्टीत चेरीतालच्या घरी आल्यावर तिनं तो सगळ्यात आधी वडिलांना खेळायला दिला, इथंच चुकलं.

नीलकंठराव डिफेन्स फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. फोनही ते तपासणीला आलेल्या मालासारखा हातभर लांब धरत.

वेशीवर कोल्हा बसला होता. म्हणाला, 'आत जायचं तर तुझं शेपूट दे, नाही तर तुझा आवाज दे.' तिसरा पर्याय होता, 'परत जा'.

"काहून देऊ? हा कोण लागून गेला?"

"बाबा, गोष्ट आहे ती."

"असू दे ना. आधी आयडी कार्ड दाखव म्हणा त्याला!"

त्यांनी 'परत जा' दाबलं. स्क्रीनवर आलं: 'बकरी परत गेली. जंगल तिला विसरलं. समाप्त.'

"बस? खतम? मला विसरलं?"

त्यांची बायको शैलजा पदराला हात पुसत आली आणि तिनं फोन घेतला. कोल्ह्याला शेपूट दिलं, पुढे नदीला आपला आवाज दिला, वडाला सावलीही देऊन टाकली. शेवटी तिची बकरी विहिरीतला चंद्र झाली.

"सगळं वाटून टाकलं अन् चंद्र झाली?" नीलकंठराव चिडले.

"घरी तर सगळं देऊन ट्यूबलाइट बी नाही झाली मी," म्हणत ती कढीकडे वळली.

जेवणानंतर ते फोन घेऊन गच्चीवर गेले. या वेळी त्यांनी आवाज दिला. आता मुकी बकरी बोलणार काय? एकच पर्याय उरला, 'ऐक'. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलेल्या माणसाला ते जड गेलं, पण त्यांनी दाबलं. नदीनं आपली स्वप्नं सांगितली, वड रडला. ते ऐकत राहिले. शेवटी कोल्हा म्हणाला, 'मी थकलो. आता वेशीवर तू बस.'

"शैलजा! अगं, मी कोल्हा झालो!"

समिधा धावत वर आली. "बाबा, तो सगळ्यात दुःखी शेवट आहे. कायमचं तिथंच बसून राहायचं. लिहिताना मी रडली होती."

"रडून काहून राहिली? पर्मनंट झालो मी! पेन्शन आहे का?"

तेवढ्यात त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताला, गोहलपूरच्या अंबादासला, फोनही लावला. "भैया, गेटवर मी आहे आता. ये तू, पण शेपूट घेऊन ये."

समिधाचे डोळे भरून आले होते. पण बाबा अंबादासला जंगलाचे नियम समजावू लागले, त्यातले अर्धे त्यांनी तिथल्या तिथं बनवले, आणि तिला हसू आवरेना. संध्याकाळी लॅपटॉप उघडून तिनं कोल्ह्याला एक खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी, बाबांच्या तक्रारीवरून, टेबलफॅन.