करकोच्याची किल्ली

कावळा काही पिंडाला शिवेना. पुणतांब्याच्या घाटावर साळूबाईच्या दहाव्याला जमलेली शंभरेक माणसं पाऊण तास माना वर करून उभी होती, आणि झाडावरचे चार कावळे आपल्याला आमंत्रणच नसल्यासारखे बसून होते. पिंडाशेजारच्या पानात साळूबाईच्या आवडीची मेथीची भाजी होती, बुंदीचा लाडू होता. कशालाच चोच लागत नव्हती.

साळूबाईचा मुलगा गोरक्ष ओल्या अंगाने हात जोडून बसला होता. कबूल करायचं ते सगळं त्याने कबूल केलं होतं. धाकट्या भावाशी बांधावरून भांडणार नाही, बहिणीला दिवाळीला न चुकता आणीन, आईची म्हातारी गाय विकणार नाही. भाऊ बोलला, सुना बोलल्या, एका पाहुण्याने तर तंबाखूसुद्धा सोडली. मागच्या रांगेत जेवणाची चुळबूळ सुरू झाली होती.

सगळ्यांत जास्त घाई होती ती गंधार गुरुजींना. सकाळपासून नाकात मंत्र म्हणून त्याचं डोकं ठणकायला लागलं होतं. कारण हा नाकातला बारीक आवाज मुळात त्याचा नव्हताच.

गंधारचे वडील शरच्चंद्र, म्हणजे अण्णा, यांनी चाळीस वर्षं या घाटावर क्रियाकर्मं केली. पोराने मात्र वेळीच पुण्याला धूम ठोकली आणि आपल्या खर्जातल्या, घोगऱ्या आवाजावर डबिंगचं काम मिळवलं. जपानी कार्टूनची एक मालिका मराठीत येत होती. शूर पोरांची एक बोट, सात समुद्र, आणि त्यांच्या मागावर कप्तान करकोचा नावाचा समुद्री चाचा. लांब मानेचा, एका पायाने लंगडा, जिभेवर साखर आणि डोक्यात कट. कुठल्याही सापळ्यातून निसटायचा आणि जाताना म्हणायचा, “करकोचा पळत नाही. तो फक्त दुसऱ्या दाराने जातो.” शाळाशाळांतली पोरं ते वाक्य म्हणत हिंडायची. गंधारला त्यासाठी काही सोंग करावं लागत नव्हतं. करकोचा त्याच्या स्वतःच्या गळ्यात बोलायचा.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, जीभ जड झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची यजमान घरं सोडायची कशी, म्हणून गंधार महिनाभरासाठी आला आणि अडकला. पहिल्याच श्राद्धाला त्याने संकल्प सांगितला, तर यजमानाची तीन पोरं खो-खो हसून आईच्या पदरात शिरली. त्या दुपारी अण्णांनी एकेक शब्द ओढून काढत त्याला बजावलं, की त्या चोराचा आवाज घाटावर आणायचा नाही. तेव्हापासून घाटावर नाकातला आवाज. करकोचा राहिला घरातल्या कपाटात. अण्णांच्या खाटेला लागून भिंत, भिंतीपलीकडे गाद्यांनी मढवलेलं कपडेलत्त्याचं कपाट, आणि त्यात माइक घेऊन घामाघूम बसलेला गंधार. शेजाऱ्यांना तो ऑनलाइन पूजा सांगतो असं म्हणायचा. चारचौघांत स्वतःच्या आवाजात बोलल्याला त्याला दोन वर्षं झाली होती.

आत्ताही अण्णा घाटाच्या वरच्या पायरीपाशी, चाकाच्या खुर्चीत बसून खाली बघत होते.

गंधारने नाकातूनच सुचवलं, की फार उशीर झालाय, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्राला चालतं. गोरक्षने मान हलवली.

“गुरुजी, आई जित्ती हुती तवा खोट्याला कदी भुलली न्हाई. आता गवताच्या कावळ्याला भुलंल व्हय?”

तेवढ्यात त्याची अकरा वर्षांची मुलगी ज्ञानेश्वरी पुढे आली. म्हणाली, “आज्जीचं करकोच्याचं राह्यलंय.”

गोरक्ष तिच्यावर डाफरला, पण पोरगी हटली नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला आजी-नात टीव्हीपुढे बसायच्या. मोतीबिंदूमुळे साळूबाईला दिसायचं कमी, म्हणून ती कान देऊन ऐकायची. त्या शूर पोरांशी तिला कर्तव्य नव्हतं, सगळी माया करकोच्यावर. एवढ्या लोकांत तेवढाच विचार करून बोलतो, असं तिचं मत. शेवटी पाहिलं तेव्हा करकोचा समुद्राखालच्या कोठडीत साखळदंडात होता आणि पाणी छातीपर्यंत चढलं होतं. दुसऱ्या दिवशी साळूबाईला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही.

“आज्जी म्हनायची, त्यो आताशा बोबडं बोलतुया. त्याच्या तोंडात किल्ली हाय. कुनाला कळंना, पन मला ऐकू येतंय.”

गंधारच्या हातातली पळी तशीच थांबली. कोठडीच्या त्या पाच भागांच्या वेळी पुण्याहून दिग्दर्शकाने फोनवर सांगितलं होतं, गालात काहीतरी धरल्यासारखा बोल, का ते विचारू नकोस. गंधारने पूजेतली एक सुपारी गालात धरली. त्यामागचं कारण त्याला शेवटच्या भागाची संहिता हातात पडली तेव्हा कळलं. स्टुडिओत कुणी त्या सुपारीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आणि वस्तीवरच्या एका अर्ध्या आंधळ्या म्हातारीने ती ऐकली होती. दहा वर्षांत एका माणसाने आपलं काम असं कान लावून ऐकलं, आणि ते माणूस आज भाताचा गोळा होऊन पुढ्यात बसलंय, या विचाराने त्याला भडभडून आलं.

“गुरुजी, तुमाला ठाव आसंल,” ज्ञानेश्वरी त्याच्याकडेच बघत होती. “मगाशी धुरानं शिंकलात आन् ‘अरे देवा’ म्हनलात, तवाच वळखलं म्या. करकोचा तुमीच हाय.”

सगळ्या माना कावळ्यांवरून गंधारकडे वळल्या. गंधारने वर पाहिलं. अण्णा हलले नव्हते. शेवटचा भाग अजून टीव्हीवर लागायचा होता आणि शेवट फोडणार नाही असं त्याने स्टुडिओला लिहून दिलं होतं, ते राहू दे. पण आज इथे लोक हसले, तर उद्या आपल्या मेलेल्या माणसाला पाणी द्यायला चाच्याला कोण बोलावणार? अण्णांची चाळीस वर्षं एका वाक्यात पाण्यात गेली असती. त्याला पळून जावंसं वाटलं, पण पाटावरून उठायचीही सोय नव्हती.

“आसंल तर सांगा, गुरुजी,” गोरक्षने हात पिंडाकडून त्याच्याकडे वळवले. “तिचा जीव तिथंच आडाकलाय.”

गंधारने पळी खाली ठेवली.

“साळूबाई,” तो म्हणाला, आणि दोन वर्षं कोंडलेला खर्ज नदीवर पसरला. पोरांनी एकमेकांना घट्ट धरलं. हसलं मात्र कुणी नाही. “करकोचा पळत नाही. तो फक्त दुसऱ्या दाराने जातो. तुम्ही बरोबर ओळखलंत. किल्ली तोंडातच होती, पहिल्या दिवसापासून. पाणी गळ्याशी आलं तेव्हा त्याने ती दातांत धरली, मान वाकवली, आणि...”

एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने भातात चोच घातली. तो करकोच्यासाठी आला की मेथीच्या भाजीसाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. गोरक्ष गुडघ्यांत डोकं घालून रडला. लोक सुटल्यासारखे आंघोळीला, चपला शोधायला, जेवायला निघाले. ‘आणि’च्या पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही.

त्यानंतर देवळालीच्या एका कुटुंबाचा विधी त्याच्याकडेच होता. त्यांच्यातला वडीलधारा माणूस अदबीने जवळ आला. “राग नका मानू गुरुजी. आमच्यात ल्हान पोरं लई हायेत.” आणि ते दोन छत्र्या सोडून पलीकडच्या गुरुजींकडे गेले. गंधारने ताम्हन-पंचपात्र धुतलं, पिशवीत भरलं आणि पायऱ्या चढला.

अण्णा काहीतरी बोलले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं पेजेसारखं एकजीव होऊन यायचं, आणि गंधार सवयीने ‘हो, हो’ म्हणून पुढे जायचा. आज शिव्याच असणार, हे धरून तो तसंच म्हणणार होता. पण त्याला साळूबाई आठवली. तो खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने अण्णांच्या तोंडाशी कान नेला.

“पुन्हा सांगा, अण्णा.”

अण्णांनी ओठ जुळवले. “सुट...ला... का... तो?”

 खाट, भिंत आणि कपाट गंधारच्या डोळ्यांपुढे आलं; दोन वर्षं अण्णा पलीकडून ऐकत होते.

तो शेवटचा भाग त्याने महिन्यापूर्वी त्याच कपाटात बसून, हळू आवाजात रेकॉर्ड केला होता. कुलूप गंजलेलं होतं. किल्ली फिरली नव्हती, करकोचा बुडाला होता. त्यानंतर पुण्याहून कामाचा फोन आला नव्हता.

“सुटला, अण्णा,” तो आपल्या आवाजात म्हणाला. “दुसऱ्या दाराने गेला.”

अण्णांनी मान डोलावली. गंधारने पिशवी खुर्चीच्या मुठीला अडकवली, ब्रेक काढला आणि खुर्ची घराच्या रस्त्याला लावली.